बारा तासांना संमती कुणाची?



हळवं भात पिवळं पडायला लागलंय. दसरा झाला की कापणी, आणि कापणी आटपली की पाड्यापाड्यावर टेम्पो येऊन उभे राहतील. काही ठिकाणी मुकादम बयाणा वाटून गेलासुद्धा. कुणी वीटभट्टीवर जाईल, कुणी भिवंडीच्या गोदामात, आणि शिकलेली पोरं-पोरी एमआयडीसीत. म्हणून ह्या अंकाचं संपादकीय वनहक्क दाव्यांवर नाही. दाव्यांची तालुकावार माहिती आतल्या पानावर दिली आहे. इथं कारखान्याच्या कायद्याबद्दल लिहिते आहे. ज्याला वाचता येतं त्यानं हे पान पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं.

३ सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. कारखान्यात एका दिवसात ९ तासांच्या वर काम घ्यायचं नाही अशी जी मर्यादा होती, ती १२ तासांवर न्यायची. आत्तापर्यंत ५ तास काम झालं की अर्धा तास सुट्टी द्यावी लागत होती, ती आता ६ तासांनी. जादा काम, म्हणजे ज्याला आपण ओव्हरटाइम म्हणतो, ते तीन महिन्यांत ११५ तासांच्या वर घेता येत नव्हतं, ते १४४ तासांपर्यंत घेता येईल. दुकानं-हॉटेलांतही ९ चे १० तास होणार. सरकार म्हणतं, यानं गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, दुसऱ्या राज्यांनीही असंच केलंय. आणि घाबरू नका, आठवड्याचे ४८ तास तसेच राहतील, जादा कामाला दुप्पट पैसे मिळतील, कामगाराच्या लेखी संमतीशिवाय जादा काम घेतलं जाणार नाही.

हे मी मागच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा एक काका म्हणाले, "पोरी, भट्टीवर आम्ही रात्री दोनला उठून गारा करतो, दिवस मावळेपर्यंत थापतो. आम्हाला नऊ तास होते कधी? नवाचे बारा केले काय आणि पंधरा केले काय." सगळे हसले. मलाही हसू आलं, कारण काकांचं म्हणणं खोटं नाही. कायदा भट्टीपर्यंत कधी चालत आलाच नाही.

पण मी माझी गोष्ट सांगते. बारावीनंतर दीड वर्ष मी एका कंपनीत पॅकिंगला होते. सकाळी आठ ते रात्री आठ. हजेरी कार्डावर मात्र आठ ते पाच. एक दिवस पावणेपाचला सुपरवायझर धावत आला, म्हणाला, चला, सगळ्या गेटबाहेर. आम्हाला कळेना. मग बाहेर चहाच्या टपरीवर समजलं की तपासणीला साहेब येणार होते. साहेब आले, सहाला गेले, आणि साडेसहाला आम्हाला परत आत घेतलं. त्या दिवशी आम्ही घरी कधी पोचलो ते विचारू नका. पण मला तेव्हा एक कळलं. इतक्या मोठ्या कंपनीला त्या नऊच्या आकड्याची भीती होती. नियम मोडत होते, पण मोडतोय हे त्यांना माहीत होतं, आणि लपवावं लागत होतं. उद्या बारा तास कायदेशीर झाले की आम्हाला गेटबाहेर काढायची गरजच राहणार नाही.

दुसरं असं की दिवसाची मर्यादा आपल्याला स्वतःला मोजता येते. घड्याळ नसलं तरी सूर्य कुठं आहे ते दिसतं. आत जाताना उजेड होता, बाहेर येताना अंधार, एवढं अंगठेबहाद्दर बाईलाही सांगता येतं. पण "आठवड्याला ४८" आणि "तीन महिन्यांत १४४" हे कुठं दिसतं? ते कंत्राटदाराच्या रजिस्टरमध्ये दिसतं. तीन महिन्यांत निम्मी माणसं कंपनी बदलतात, कंत्राटदार बदलतो, कार्ड त्याच्याकडेच राहतं. म्हणजे मोजायचं काम आपल्या डोळ्यांकडून काढून ठेकेदाराच्या वहीकडे दिलं.

आता ती लेखी संमती. मला कामावर घेताना पाच-सहा कागदांवर सह्या घेतल्या. त्यातले दोन इंग्रजीत होते आणि एक अगदी कोरा. मी बारावी शिकलेली, तरी काय लिहिलंय ते विचारायची माझी छाती झाली नाही, कारण माझ्यामागं रांगेत तीस पोरी उभ्या होत्या. ही असते कंपनीतली संमती. एकटी पोरगी, समोर ठेकेदार, आणि हातात गाडीभाड्याचे संपत आलेले पैसे.

आपल्याला संमती म्हणजे काय हे नव्यानं शिकवायला नको. वनहक्क कायद्याच्या नियमांत ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका पाहिजेत. तेव्हाच ठराव खरा. ओडिशात नियमगिरी डोंगरातलं बॉक्साइट वेदांता कंपनीला हवं होतं. सुप्रीम कोर्टानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की ग्रामसभांना विचारा. बारा गावांत ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारांनी नाही म्हटलं. डोंगर अजून जागेवर आहे. तिथं एकेका डोंगरिया कोंध माणसाला ऑफिसात बोलावून कागद पुढं केला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

आणि म्हणूनच तो नियम बदलला. २००९ पासून केंद्राचा आदेश होता की जंगलाची जमीन प्रकल्पाला देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी ते काम मागं ढकललं. आधी दिल्लीतून मंजुरी, मग वनहक्काचं काय ते राज्यानं बघावं. संमती हा शब्द कुणी खोडला नाही. फक्त बैल गाडीच्या पुढं होता तो मागं नेऊन बांधला. जुना दाखला पाहिजे तर आपल्याच राज्याचा १९९७ चा कायदा घ्या. गौण वनउपजाची मालकी आपल्याला दिली म्हणाले, पण यादीतून तेंदू आणि बांबू वगळले. विडीवाल्यांना लागतो तेंदू, कागद कारखान्यांना लागतो बांबू. आपल्याला मिळालं हिरडा-बेहडा. तेंदू-बांबूची ती चूक सुधारायला २०१४ साल उजाडलं.

तर मग हे बारा तास मागितले कुणी? मी तरी एकही मोर्चा पाहिला नाही ज्यात कामगार ओरडत होते की आमचे तास वाढवा. कर्नाटकात २०२३ च्या फेब्रुवारीत विधानसभेनं असाच बारा तासांचा कायदा केला. त्याच्या मागोमाग लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स' या वर्तमानपत्रानं छापलं की आयफोनवाली ॲपल आणि तिचे फोन जोडून देणारी फॉक्सकॉन यांनी त्यासाठी सरकारकडे जोर लावला होता. चीनमध्ये दोन पाळ्यांत कारखाना चालतो, इथंही तसाच चालायला पाहिजे, म्हणजे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. तीन पाळ्या केल्या तर एका जागेला तीन माणसं लागतात, दोन पाळ्यांत दोघं. "रोजगार वाढेल" म्हणणाऱ्यांनी एवढी साधी वजाबाकी आपल्याला समजावून सांगावी.

त्याच वर्षी तामिळनाडूत २१ एप्रिलला बिल पास झालं. तिथं कामगार संघटना रस्त्यावर आल्या, सरकारच्या मित्रपक्षांनीसुद्धा सभागृहात विरोध केला. २४ तारखेला मुख्यमंत्र्यांनी ते थांबवलं आणि १ मे रोजी मागं घेतल्याचं जाहीर केलं. तीन दिवसांत थांबलं! गुजरातनं तर करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, नुसता आदेश काढून बारा तास केले होते, आणि जादा तासांना दुप्पट पैसेही द्यायचे नव्हते. त्या वेळी आपली माणसं पोरं खांद्यावर घेऊन हायवेनं पायी घरी येत होती. सुप्रीम कोर्टानं १ ऑक्टोबर २०२० ला तो आदेश रद्द केला.

हे राज्यानुसार का चालतं ते समजून घ्या. दिल्लीत एखादी गोष्ट जमली नाही की ती राज्यातून करून घेतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीन घेण्याआधी लोकांची संमती आणि गावावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास, अशी अट आली. केंद्रानं डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम काढून ती ढिली करायचा प्रयत्न केला, देशभर विरोध झाला आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये वटहुकूम सोडून द्यावा लागला. आपण तेव्हा गुलाल उधळला. पण मग गुजरातनं २०१६ मध्ये, महाराष्ट्रानं २०१८ मध्ये आपापल्या कायद्यात बदल करून काही प्रकल्पांना त्या अटींतून सूट द्यायची सोय केली. तेव्हा फारशी बोंब झाली नाही. मुंबईच्या विधानभवनात काय पास होतं ते आपल्या पाड्यावर कळेपर्यंत मोजणीवाले शेतात आलेले असतात.

राज्याराज्यांत शर्यतही लावली आहे. २०१५ पासून काही वर्षं केंद्र सरकार राज्यांना नंबर देत होतं, धंदा करायला कुठलं राज्य सोपं. शाळेतल्यासारखा पहिला-दुसरा-तिसरा. धंदेवाल्यांच्या वाटेतली एकेक अट काढली की गुण वाढतात. मजुराला पगार वेळेवर मिळतो का, याचे गुण कुणी ठेवत नाही. पहिल्याच वर्षी झारखंडचा तिसरा नंबर आला. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, तिथल्या सरकारनं छोटा नागपूर कूळ कायदा आणि संथाल परगणा कूळ कायदा बदलायला घेतले. हे दोन कायदे म्हणजे तिथल्या आदिवासींच्या जमिनीचं कुंपण. पहिला १९०८ चा, बिरसा मुंडांच्या उलगुलाननंतर आलेला. शेतजमीन बिगरशेतीला वापरता यावी असा तो बदल होता. विधानसभेत गोंधळात पास झाला. गावंच्या गावं उठली. राज्यपालांनी २०१७ मध्ये ते बिल सही न करता परत पाठवलं आणि सरकारला मागं घ्यावं लागलं. त्या राज्यपाल होत्या द्रौपदी मुर्मू. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पैशाचं तर बोलायलाच नको. निवडणूक रोख्यांतून कंपन्यांना पक्षांना हवी तेवढी देणगी नाव न सांगता देता येत होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं. आपली सभासद वर्गणी वर्षाला वीस रुपये, तिचीसुद्धा पावती फाडतो आपण.

आता कुणी म्हणेल, कंपनीत न जाणाऱ्याला याचं काय? बारा तास उभं राहून, वर जाण्या-येण्याचे तीन तास घालून बाई घरी येते तेव्हा तिच्यात भाकरी थापायचं बळ नसतं. येताना ती पाच रुपयांचं पाकीट आणते आणि पोराच्या हातात देते. माझी आई मला हेच करायची, मी दोष देत नाही. ते पाकीटही कायद्यातूनच येतं. पाकिटात मीठ, साखर, तेल जास्त असेल तर समोर ठळक इशारा छापावा, असं डॉक्टर लोक कितीतरी वर्षं सांगतायत. चिली नावाच्या देशात २०१६ पासून अशा पाकिटावर काळं आठ कोनांचं चिन्ह छापतात. न शिकलेल्या आजीलाही कळतं की हे काही चांगलं नाही. आपल्या देशातल्या अन्न सुरक्षा खात्यानं २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मसुदा काढला, त्यात इशारा नाही, तारे! अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. म्हणजे कितीही वाईट माल असला तरी अर्धा तारा मिळणारच. पाकीटवाल्या कंपन्यांना इशारा नकोच होता. आपली बाई पाकिटावर तारा बघून काय समजेल ते मी सांगायला नको. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२५ मध्ये लवकर नियम करा म्हणून सांगितलं, तोवर पक्का नियम आलेला नव्हता. आणि तोपर्यंत अंगणवाडीच्या भिंतीला लागून दुकानात माळा लटकतायत. एकाच बाईकडून तास जास्त घ्यायचे आणि तिच्याच पोराला हे विकायचं, दोन्हीकडे कायदा कुणाच्या सोयीनं वाकतो ते बघा.

हे तास काही कुणी दान दिलेले नाहीत. मुंबईच्या गिरणीत रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगार एकत्र केले म्हणून. आठवड्याचे ५४ तास होते त्याचे ४८ झाले १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत होते तेव्हा. दिवसाचे ९ तास १९४८ च्या कारखाना कायद्यात होते. आणि आपल्या डहाणू-तलासरीत १९४५ मध्ये वारल्यांनी गवत कापायचा दर मागितला, ५०० रतलाला अडीच रुपये. सावकार म्हणायचे, एकेकानं येऊन बोला. कुणी एकेकटा गेला नाही, सगळ्यांनी मिळून विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं पडली. तरी दर मिळाला आणि वेठ गेली. १० ऑक्टोबर २०२५ ला त्याला ऐंशी वर्षं झाली.

संघटनेच्या कमिटीत यावर दोन मतं पडली, तीही सांगते. काही साथी म्हणाले, आपली संघटना जमिनीची आहे, कंपनीच्या भानगडीत पडू नये, ताकद पुरणार नाही. मला त्यांची काळजी समजते. दावे प्रलंबित आहेत, केसेस चालू आहेत. पण ज्याच्या नावावर दीड एकराचा पट्टा आहे तोच आठ महिने भट्टीवर नाहीतर कंपनीत असतो. ग्रामसभेला माणसं का जमत नाहीत म्हणून आपण रडतो. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस ग्रामसभेला बसेल का? शेवटी ठरलं की दोन कामं घ्यायची.

पहिलं काम ग्रामसभेचं. कारखाना कायदा केंद्राचा होता. केंद्राच्या कायद्याला विरुद्ध जाणारा बदल राज्यानं केला तर तो राष्ट्रपतींच्या सहीशिवाय लागू होत नाही. आज राष्ट्रपती आहेत द्रौपदी मुर्मू, ज्यांनी झारखंडचं बिल परत पाठवलं होतं. तेव्हा सही करणाऱ्याच्या टेबलावर गावागावांचे कागद जाऊन पडले होते, आताही पडले पाहिजेत. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या. लांबलचक नको. आमच्या गावातली इतकी माणसं स्थलांतर करून कारखान्यात कामाला जातात, त्यांना न विचारता दिवसाचे तास वाढवलेले आम्हाला मान्य नाहीत, एवढंच. आकडा खरा लिहा, घरोघर मोजून. बायकांच्या सह्या-अंगठे वेगळ्या पानावर घ्या. एक प्रत राष्ट्रपतींना, एक राज्यपालांना. अनुसूचित क्षेत्रात कुठला कायदा कसा लागू करायचा याचा अधिकार पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना आहे, आणि तेंदू-बांबूच्या वेळी २०१४ मध्ये तो वापरला गेला होता. कागद जाऊन काही होत नाही म्हणणाऱ्यांना एवढं सांगा.

दुसरं काम प्रत्येकाचं. ह्या हंगामाला जाताना स्वतःची वही न्यायची. रोज तारीख, किती वाजता आत गेलो, किती वाजता बाहेर आलो, किती मिळाले. लिहिता येत नसेल तर जोडीदाराकडून लिहून घ्या, किंवा रेघा मारा, एका तासाला एक रेघ. मुकादमाला दाखवायची गरज नाही. कोऱ्या कागदावर सही मागितली तर वहीत तारखेसह लिहून ठेवा. कामगार ऑफिसात गेलो की साहेब पहिला प्रश्न विचारतात, पुरावा काय? गेल्या वर्षी तीन पाड्यांतल्या माणसांचे भट्टीचे पैसे बुडाले तेव्हा आपल्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, मुकादमाची वही तेवढी होती आणि ती त्याच्या बाजूनं बोलली.

कोजागिरीनंतरच्या रविवारी, १२ ऑक्टोबरला, संघटनेच्या खोलीवर सकाळी दहाला बैठक आहे. ज्यांनी बयाणा घेतलाय त्यांनी मुकादमाचं नाव आणि रक्कम लिहून आणावी. कंपनीत जाणाऱ्या पोरींनी नक्की यावं, मी त्यांच्याशी वेगळी बसणार आहे. शंभर पानी वह्या आणून ठेवल्या आहेत, दहा रुपयाला एक. नसतील पैसे तर हिशोब होळीला करू.